आगगाडी, सुट्टी आणि ताडाखालची चव

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजघराण्यांच्या वंशावळी डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत तो त्या मानाने हलका वाटेल. सकाळी आगगाडीत बसावे, परमुलखात उतरावे, तिथले अन्न खावे, तिथले पेय चाखावे आणि रात्री आपल्या घरी येऊन निजावे. एवढी साधी ही गोष्ट आहे. पण ही साधी गोष्ट माणसाच्या वाट्याला केव्हा आली, कोणाच्या खटपटीने आली आणि कोणाच्या वाट्याला अजून आलेली नाही, हे पाहू लागले म्हणजे तिच्या पोटात दीडशे वर्षांचा झगडा दडलेला दिसतो.

जपानच्या निइगाता प्रांतात २०१४ पासून ‘कोशिनो शुकुरा’ नावाची एक आगगाडी धावते. हा प्रांत बर्फाचा आणि तांदळाचा. त्या तांदळापासून बनणारी ‘साके’ ही तिथली प्रसिद्ध मदिरा. समुद्राच्या कडेने जाणाऱ्या या गाडीत उतारूंना निरनिराळ्या गावांची साके आणि त्याच मुलखातले खाद्यपदार्थ मिळतात. दिवस मावळेपर्यंत माणूस आपल्या मुक्कामी परत येतो. जपानात पहिली आगगाडी धावली ती १८७२ साली, शिंबाशी ते योकोहामा. आमच्या ठाण्यात ती त्याआधी १९ वर्षे येऊन ठेपली होती. तांदूळ आमच्याकडेही पिकतो आणि मुलखाची म्हणून स्वतंत्र पेयेही आमच्याकडे होती. मग भिवंडीच्या माणसाला अशी सहल ठाऊक का नाही, हा प्रश्न आम्हाला विचारावासा वाटतो.

प्रथम आगगाडीकडे वळू. १८५३ सालच्या १६ एप्रिलला दुपारी साडेतीन वाजता बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली गाडी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी आणि २१ मैलांचा प्रवास. परंतु त्या दिवसाचा एक तपशील फारसा सांगितला जात नाही. ठाण्याला तंबू उभारून पाहुण्यांच्या खाण्यापिण्याची सोय केली होती, आणि मंडळी तिचा समाचार घेऊन त्याच संध्याकाळी मुंबईला परतली. म्हणजे हिंदुस्थानातली उतारूंची ही पहिली आगगाडी, खरे पाहता, एका दिवसाची खाण्यापिण्याची सहलच होती! मात्र पंगतीला बसले ते साहेब, सरदार आणि शेटसावकार. ज्यांनी भराव घातले, खडी फोडली आणि खाडीवर पूल बांधले ते मजूर त्या पंगतीत नव्हते.

पुढे लोहमार्ग १८५४ साली कल्याणला, १८५५ साली वासिंदला आणि १८६१ साली कसाऱ्याला पोचला. १८६३ मध्ये भोर घाट आणि १८६५ मध्ये थळ घाट खुला झाला. आज कर्जतचा वडा आणि लोणावळ्याची चिक्की खात ज्या घाटातून आपण मौजेने जातो, त्या भोर घाटाच्या कामावर पटकी, सुरुंग आणि कडे कोसळणे यांनी हजारो माणसे दगावली. १८५९ च्या जानेवारीत तिथल्या मजुरांनी थकलेल्या मजुरीवरून दंगा केला. गिरण्यांचे भोंगे मुंबईत नीट वाजू लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. आमच्या चळवळीच्या इतिहासात या दंग्याला मानाचे पान मिळायला हवे.

भिवंडीला मात्र आगगाडीने वळसा घातला. कामवारीच्या काठची ही जुनी बाजारपेठ, खाडीतून तिचा व्यापार चाले. लोहमार्ग कल्याणवरून सरळ पुढे गेला आणि भिवंडीकराला गाडी धरायची तर कोन गावावरून कल्याण गाठणे आले. दिवा-वसई हा मार्ग भिवंडीच्या अंगावरून टाकला गेला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तोही मुख्यतः मालगाड्यांकरिता. शेजारच्या ठाण्यात शंभर वर्षांहून अधिक काळ गाडी धावत असता कापडाचे हे गाव बैलगाडी, लॉरी आणि एस.टी. यांवर अवलंबून राहिले.

आता सुट्टीची कथा ऐका. नुसती गाडी असून सहल होत नाही, त्याकरिता मोकळा दिवस लागतो. इंग्लंडात १८४१ च्या ५ जुलैला टॉमस कुक या गृहस्थाने लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० माणसांची स्वस्त सहल नेली. माणशी एक शिलिंग घेतला. गंमत अशी की हा कुक दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता. कष्टकऱ्याला मोकळ्या हवेचा आनंद मिळाला तर तो गुत्त्याकडे फिरकणार नाही, असा त्याचा हिशेब. आगगाडीच्या स्वस्त सहलीची पहिली प्रसिद्ध प्रथा अशी दारू सोडवण्यासाठी पडली, आणि आज जपानात तीच आगगाडी माणसांना मदिरा चाखायला घेऊन जाते. यात विसंगती आहे असे आम्हाला वाटत नाही. ते का, हे पुढे सांगतो.

आमच्याकडे मोकळा दिवस मिळाला तो फुकट नाही. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या. ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात मागितले काय? रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, या त्यातल्या पहिल्या मागण्या. ज्या माणसाला भाकरीचा घास सावकाश गिळायला अर्धा तास मागावा लागतो, त्याला परमुलखाची चव कुठून ठाऊक असणार? १८९० च्या २४ एप्रिलला सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्याच वर्षी ती कायद्यात आली. आज पांढरपेशा कुटुंबे रविवार जणू पंचांगातच छापून आला होता अशा थाटात घालवतात. तो रविवार गिरणगावाने कमावलेला आहे, हे त्यांनी विसरू नये.

येथवर गाडी आली, दिवसही आला. आता तिसरी गोष्ट पाहू: ज्या मुलखात उतरायचे, त्या मुलखाजवळ वाढण्याजोगे आपले काही उरले आहे काय?

ठाणे जिल्ह्याची जुनी पेये दोन. किनारपट्टीला ताड, माड आणि शिंदी यांची ताडी-माडी, आणि जंगलपट्टीला मोहाची दारू. छेव देऊन रस काढण्याची कला भंडारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. या रसाचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. पहाटे उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा, गोड आणि निरुपद्रवी. ऊन चढू लागले की हवेतले किण्व त्यात काम करू लागते आणि काही तासांत तिची ताडी होते. आणखी वेळ गेला की ती आंबट होऊन टाकाऊ ठरते. म्हणून ताडीची खरी चव ताडाखालीच. ती दूर नेता येत नाही, आपणच तिच्याकडे जावे लागते. मोहाचे तसे नाही. त्याची फुले वाळवून ठेवता येतात. शहापूर, मुरबाड, जव्हारकडच्या आदिवासींच्या घरात ही फुले पावसाळ्याच्या टंचाईत धान्याबरोबर शिजवून खाल्ली जात, बियांचे तेल निघे, आणि लग्नाकार्याला, देवकार्याला घरीच भट्टी लागे.

इंग्रज सरकारची दृष्टी या दोहोंवर पडली ती कराच्या कारणाने. १८७८ साली मुंबईचा अबकारी कायदा झाला. त्यामागे चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याचे धोरण होते. गावोगावच्या लहान भट्ट्या मोडायच्या, दारू मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत गाळायची, विक्रीचे मक्ते द्यायचे, म्हणजे कर एका जागी वसूल होतो. उरणच्या भट्ट्या या व्यवस्थेत भरभराटीला आल्या. ताडीवर दर झाडामागे कर बसला. कारण सरळ आहे. रानात दहा हजार झाडांखाली जे प्यायले जाते ते मोजणे कठीण, पिंपात भरलेले मोजणे सोपे. जी दारू प्रवास करू शकते ती सरकारला प्रिय, आणि जी जागच्या जागी प्यावी लागते ती अप्रिय! १८९२ साली मोहाच्या फुलांसंबंधी स्वतंत्र कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत परवान्यावाचून ही फुले बाळगण्यावर आणि नेण्या-आणण्यावर निर्बंध आले. आपल्या रानात पडलेले फूल वेचणारा आदिवासी एका रात्रीत गुन्हेगार ठरला. घरची वस्तू गेली आणि तिच्या जागी रोख पैशाचा गुत्ता आला. रोख पैशासाठी सावकार आला, आणि सावकारामागून जमीन गेली. पुढे १९२० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या तिजोरीत जमीनमहसुलाखालोखाल उत्पन्न अबकारीचे होते, ही गोष्ट या धोरणाचा हेतू स्पष्ट करते.

येथे कोणी म्हणेल, कामगारांमध्ये वावरणारा माणूस दारूची तरफदारी करतो की काय? तसा गैरसमज होऊ नये. पगाराच्या रात्री गुत्त्यात रिकामा झालेला खिसा आणि दारात वाट पाहणारी बायको आम्ही गेली अनेक वर्षे पाहत आलो आहोत. जोतीराव फुल्यांनी पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लिहिले, ते अक्षरशः योग्य होते. परंतु जोतीरावांचा रोख कशावर होता? सरकारच्या परवान्याने वस्तीवस्तीत उघडणाऱ्या दुकानांवर. सणावारी ताडाखाली बसून चाखलेली ताडी आणि बारा तासांच्या पाळीनंतर अंगदुखी मारण्यासाठी घशाखाली ओतलेली कडक दारू यांना एकाच नावाने हाक मारणे हा भाषेचा आळस आहे. पहिलीत मुलूख आहे, ऋतू आहे, सोबत आहे. दुसरीत नुसते विसरणे आहे.

स्वराज्यात दारूबंदी आली. मुंबई शहरात १९३९ च्या १ ऑगस्टला काँग्रेस मंत्रिमंडळाने पहिला प्रयोग केला, १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून सबंध राज्यात पूर्ण बंदी आली. हेतू उदात्त होता. पण बंदीने तहान मरत नाही, ती चोरवाटेने जाते, असा अनुभव आला आणि साठीच्या दशकात बंदी सैल करावी लागली. कायदा मात्र नाव बदलून उभाच आहे, त्यामुळे महाराष्ट्रात मद्य पिण्यास आजही परवाना लागतो. तो एका दिवसापुरताही मिळतो. चोरवाटेचे फळ कोण भोगतो? २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती सारी गरीब वस्तीतली होती. स्वस्तात विकण्याकरिता मिसळलेल्या रसायनाला ना झाड असते, ना गाव.

जपानची गोष्ट आम्ही काढली ती याच कारणासाठी. तिथेही सरकारने घरची साके हिरावून घेतली होती. सैन्य आणि कारखाने यांच्या खर्चाकरिता मेजी राजवटीने मद्यावर भारी कर बसवला, १८९९ साली घरी मद्य करण्यास पूर्ण मनाई केली आणि त्याच वर्षी मद्यकराचे उत्पन्न जमीनमहसुलाच्या पुढे गेले. आमच्या मोहाच्या कायद्यानंतर अवघी सात वर्षे! दोन्हीकडे शेतकऱ्याच्या अंगणातून वस्तू उचलली गेली. परंतु २००३ पासून जपानने काही ग्रामीण भागांपुरती एक सवलत दिली. शेतकऱ्याने स्वतःच्या तांदळाची ‘डोबुरोकु’ म्हणजे न गाळलेली साके आपल्या खानावळीत वा पाहुणघरात करून पाहुण्यांना द्यावी. ओस पडत चाललेल्या खेड्यांत त्या निमित्ताने माणसे येऊ लागावीत, हा उद्देश. वस्तू शहरात नेऊन विकण्याऐवजी माणसांना वस्तूजवळ आणावे, हा त्यातला विचार ताडाखालच्या ताडीला किती जवळचा आहे ते पाहा.

आमच्याकडे काय घडते आहे? २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले आणि नाशिकभोवती द्राक्षमद्याचे कारखाने वाढले. आज कल्याणला सकाळची तपोवन एक्स्प्रेस धरून नाशिक रोडला उतरावे, मिसळ खावी, मळे पाहावेत, पेला चाखावा आणि संध्याकाळच्या गाडीने परतावे, अशी सहल पैसेवाला माणूस करतो. चांगली गोष्ट आहे. द्राक्षाच्या पेल्याला आज प्रतिष्ठा मिळाली आहे, ताडाच्या मडक्याला ती मिळालेली नाही. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने मोहाची फुले आणि काजूची बोंडे यांपासून गाळलेल्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचे ठरवले. उद्देश कारखानदारीला उत्तेजन देण्याचा होता. पण शब्दांची थट्टा पाहा! शहापूरच्या रानातला मोह, ज्याच्या सावलीत आदिवासींच्या कित्येक पिढ्या वाढल्या, तो विदेशी ठरला. निर्णय कोणाच्या फायद्याचा होतो, हे फूल वेचणारीच्या हाती काय पडते त्यावरून कळेल.

भिवंडीकराला मात्र नाशिकपेक्षा जवळची वाट आहे. भिवंडी रोड स्थानकावर दिव्याहून येणारी गाडी धरावी. गाड्या मोजक्या आहेत, तेव्हा वेळ विचारून निघावे. खारबाव, कामण, जूचंद्र अशी मिठागरे आणि शेते ओलांडीत ती वसईला पोचते. वसईला राजेळी केळ्यांची सुकेळी मिळतात. उन्हात वाळवलेले ते सोनेरी केळे तोंडात धरले की मधाची आठवण होते. आगाशीचा भुजिंग, म्हणजे कोळशावर भाजलेली कोंबडी आणि पोहे यांचा झणझणीत मिलाफ, विरारजवळच. वसईहून डहाणूकडची गाडी मिळते. विरार-डहाणू लोकल २०१३ च्या १६ एप्रिलला सुरू झाली, पहिल्या आगगाडीच्या बरोबर १६० व्या वाढदिवशी. तिकडे घोलवडचे चिकू आहेत, ताडगोळे आहेत, सुके बोंबील आहेत, तांदळाची भाकरी आहे. सकाळी लवकर पोचलात तर नीरा आणि ज्याला चालते त्याला परवान्याच्या दुकानातली ताडी. पूर्वेकडे वाड्याचा कोलम तांदूळ, त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा सगळा मुलूख २०१४ पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता.

वाट आहे, तिकीट परवडणारे आहे. अडते ते दिवसावर. भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणारा माणूस बहुधा उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातून आलेला असतो. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली. साप्ताहिक सुट्टी १९४८ च्या कारखाना कायद्याने दिली खरी, पण एकाच छपराखालचे माग चार नावांवर वाटून कामगारांचा आकडा कायद्याच्या खाली ठेवण्याची युक्ती या धंद्यात जुनी आहे. आणि सुट्टी मिळाली तरी ती बिनपगारी. जो दिवस मजुरीतून कापला जातो तो सहलीला कसा न्यायचा? असा माणूस भिसीत जेवतो. भिसी म्हणजे महिन्याच्या हिशेबावर चालणारी कामगारांची खानावळ. डाळ, भात, पोळी, भाजी. तिथे एकाच पंक्तीत आजमगढ, दरभंगा आणि करीमनगर जेवतात, पण एकाचीही चव पानात नसते. चव ज्याच्या त्याच्या गावी राहिलेली असते. आपल्या गावची चव वर्षातून एकदा, आणि ज्या गावात आयुष्य घालवले त्या मुलखाची चव कधीच नाही, असे त्याचे जिणे.

यावर आमचे म्हणणे थोडक्यात असे. भरपगारी सुट्टी ही चैन नव्हे. लोखंडे आणि त्यांच्या सोबत्यांनी १८८४ साली जी मागणी केली तिचा उरलेला हिस्सा आहे. गाडी मालगाड्यांपुरती न राहता सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशी माणसांकरिता धावावी, ही दुसरी मागणी. आणि ताड छेदणाऱ्याला व मोह वेचणारीला आपल्या झाडाखाली, आपल्या घरी, ठरावीक मर्यादेत, चार पाहुण्यांना आपली वस्तू वाढण्याचा हक्क मिळावा, ही तिसरी. जपानी शेतकऱ्याला २००३ पासून जे चालते ते पालघरच्या भंडाऱ्याला आणि शहापूरच्या ठाकरणीला का चालू नये, याचे उत्तर अबकारी खात्याच्या वह्यांत नाही, ते आपल्याला मागून घ्यावे लागेल.

१८५३ च्या त्या दुपारी गाडीतल्या ४०० माणसांना ठाण्याच्या तंबूत जेवण मिळाले. ज्या लोकांनी मार्ग बांधला त्यांच्या आजच्या वारसांची पंगत बसायची अजून बाकी आहे. ती कोणी साहेब बसवणार नाही. येत्या हंगामात युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत बसून एक दिवस ठरवा, मालकाकडून तो पगारासह घ्या, आणि बायकामुलांसह डहाणूची गाडी धरा.